उजेड किती घ्यायचा, ते आपण ठरवायचं

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



बचत गटाच्या वहीत एक रकाना असतो, ‘कर्जाचं कारण’. तो भरून घेणं हे आमचं नेहमीचं काम. शेळी, म्हैस, शिलाई मशीन, चटणीसाठी शेंगा, मुलीची फी, घरावरचे पत्रे, दवाखाना. कारण उत्पन्नाचं असलं की बैठकीत माना डोलतात. दवाखान्याचं असलं तर कुणी काही विचारत नाही. पण ‘छंद’ असं कारण त्या रकान्यात आजवर एकदाही लिहिलेलं आम्ही पाहिलं नाही. छंद हा बायकांनी पैसे घालून करायचा विषयच नव्हे, हे आपल्याला कुणी न शिकवताच माहीत झालेलं असतं.

आज आम्ही बोलणार आहोत ते अशाच एका छंदाबद्दल. सोलापुरातल्या आम्ही दहा जणी गेलं दीड वर्ष कॅमेरा शिकतोय. मोबाईलचा कॅमेरा नव्हे, लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तो, डीएसएलआर. आमच्यात विड्या वळणाऱ्या तिघी आहेत, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई-घडीचं काम करणाऱ्या दोघी, एक अंगणवाडी सेविका, एक कडक भाकरी करून विकणाऱ्या काकू, घर सांभाळणाऱ्या दोघी आणि गटाची समन्वयक, जिचा आवाज तुम्ही आत्ता ऐकताय.

गटाची बचत याला लावायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. गटाचा पैसा गटाच्या नियमानं चालतो. म्हणून आम्ही वेगळी भिशी धरली. दहा जणी, महिन्याला ₹150, बारा महिने. ₹18,000 झाले. एरवी भिशीत जिचा नंबर लागतो तिला रक्कम मिळते. या भिशीत नंबर कुणाचाच काढायचा नव्हता. त्या पैशांत वापरलेला एक कॅमेरा, त्याची 18-55 ची लेन्स, बॅटरी, चार्जर आणि पिशवी आली. सध्या कंपन्या आत आरसा नसलेल्या नव्या प्रकारच्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. त्यामुळे शौकीन माणसं जुने डीएसएलआर विकायला काढतात आणि आपल्यासारख्यांच्या आवाक्यात येतात.

आता पहिला प्रश्न सगळ्या जणी विचारतात. हातात फोन असताना कॅमेरा कशाला? फोन वाईट फोटो काढतो म्हणून नव्हे. फोन उलट फार हुशार असतो. आपण बटण दाबतो तेव्हा तो एकामागोमाग अनेक फोटो घेतो, ते एकमेकांत मिसळतो, चेहरा उजळ करतो, आभाळ निळं करतो आणि तयार ताट समोर ठेवतो. आपण काय केलं? बोट लावलं. कॅमेऱ्यात ताट आपण वाढायचं असतं. मीठ कमी-जास्त झालं तर ते आपल्या हातचं. आम्हाला तेच हवं होतं.

डीएसएलआर या नावाचा अर्थ साधा आहे. डिजिटल, म्हणजे आत फिल्मचा रोल नाही. सिंगल लेन्स, म्हणजे बघायचं आणि फोटो काढायचा तो एकाच भिंगातून. रिफ्लेक्स, म्हणजे आत तिरका आरसा. भिंगातून आलेला उजेड त्या आरशावर पडतो, वर जातो आणि वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा झटकन वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो, उजेड सेन्सरवर पडतो, पडदा बंद होतो. तो जो ‘खटक्’ आवाज ऐकू येतो, तो याचा. आमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण मोठ्या टपाल तिकिटाएवढा आहे. फोनमधला त्याच्या मानानं अगदीच बारका असतो. मोठ्या परातीत पावसाचं पाणी जास्त साठतं, तसा मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त मिळतो.

चष्मा असलेल्या बायांसाठी एक गोष्ट आधी सांगतो. डोळा लावायच्या खिडकीच्या बाजूला एक छोटी चाकी असते. ती फिरवली की आतली अक्षरं आपल्या नंबराप्रमाणे स्पष्ट होतात. आमच्या भाकरीवाल्या काकूंना पहिले दोन आठवडे सगळं पुसट दिसायचं. आपल्याला हे जमणार नाही, वय झालं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. चाकी चार खटके फिरवली आणि प्रश्न संपला. ‘जमत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा अशी एखादी चाकी फिरवायची राहिलेली असते.

आता मुख्य गोष्ट, उजेड. आमच्या गटात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू सगळं बोललं जातं. उजेड, वेलुगु, बेळकु, रोशनी. शब्द चार, पण फोटो म्हणजे तेवढंच. किती उजेड आत घ्यायचा हे ठरवायला कॅमेऱ्याकडे तीन गोष्टी असतात आणि त्या समजायला सोलापूरच्या बाईला कुठल्या वर्गात जायला नको. नळाला पाणी आलं की हंडा कसा भरतो? तोटी किती उघडली आणि किती वेळ चालू ठेवली, यावर. तोटी मोठी उघडली तर हंडा लवकर भरतो. बारीक ठेवली तर वेळ लागतो. कॅमेऱ्यात तोटी म्हणजे भिंगातलं गोल छिद्र, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. वेळ म्हणजे शटर स्पीड.

छिद्राचे आकडे नवशिक्याला उलटे वाटतात. 4 लिहिलेलं असतं तेव्हा छिद्र मोठं आणि 16 लिहिलेलं असतं तेव्हा लहान. हे कोडं काकूंनीच सोडवलं. त्या म्हणाल्या, “अगं, भाकरी चौघींत वाटली तर तुकडा मोठा, सोळा जणींत वाटली तर बारका.” हिशेब खरोखर तोच आहे. भिंगाच्या लांबीला चारनं भागलं की छिद्राची एवढी रुंदी, सोळानं भागलं की तेवढी. त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी अ‍ॅपर्चर म्हणत नाही, ‘भाकरी किती जणींत’ असं विचारतात.

छिद्र मोठं केलं की उजेड जास्त येतोच, शिवाय ज्याच्यावर नेम धरलाय ते स्पष्ट आणि मागचं सगळं पुसट होतं. विड्या वळणाऱ्या आमच्या एका ताईंनी आपल्या सासूबाईंच्या हातांचा फोटो काढला. दाराशी बसून सूप मांडीवर घेतलेलं, तेंदूचं पान बोटांत. मागे भिंतीवर कपडे, बादली, सायकल, सगळा पसारा होता. तो सगळा पुसट झाला आणि हात तेवढे राहिले. पसारा आवरायला न जाता तो बाजूला करता येतो, ही गोष्ट घरातल्या बाईला किती आवडावी, हे तुम्हीच बघा.

शटर स्पीड आम्ही यंत्रमागाजवळ शिकलो. ओळखीच्या एका कारखान्यात, मालकाची आणि मागावरच्या कामगारांची परवानगी घेऊन. सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवला की हलणारी फणी जागच्या जागी थांबते, सगळं लख्ख दिसतं. आणि मग लक्षात येतं की या फोटोत माग बंद असल्यासारखा वाटतोय. खांबाला टेकून, श्वास रोखून, सेकंदाच्या पंधराव्या भागात काढला तर हलणारा भाग धूसर होतो, उभा माणूस बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि मागाची धडधड फोटोत येते. दोन्ही फोटो तांत्रिकदृष्ट्या बरोबर. आपल्याला काय सांगायचंय, त्यावर कुठला घ्यायचा ते ठरतं.

तिसरी गोष्ट आयएसओ. त्यासाठी तुमच्यासमोरचा रेडिओच घ्या. लांबचं केंद्र लागलं की आवाज बारीक येतो. आपण आवाज वाढवतो. बोलणं मोठं होतं, पण खरखरही मोठी होते. आयएसओ तसंच आहे. दिवसा 100 किंवा 200 पुरतं. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी दिवे लागल्यावर 1600 किंवा 3200 करावं लागतं आणि फोटोत दाणे उमटतात. थोडे दाणे चालतात. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा.

एवढं कळलं की कॅमेऱ्याच्या चाकावरचं ‘ऑटो’ सोडून ‘ए’ किंवा काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यावर ‘एव्ही’ लिहिलेलं असतं, तिथं जायचं. छिद्र आपण ठरवायचं, वेळ कॅमेरा ठरवतो. निम्मं राज्य आपलं. सुरुवातीला तेवढं पुरे.

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो. तिनं आम्हाला कॅमेऱ्याचा स्वभाव शिकवला. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते, तुम्हाला माहीतच आहे. नंदीध्वजांची मिरवणूक निघते. ते पेलणारे आणि बरोबर चालणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात. हजारो पांढरे पोशाख. तो फोटो ऑटोवर काढला तर बाराबंदी पांढरी येत नाही, राखाडी येते, मळक्या धोतरासारखी. त्याच दिवसांत संक्रांत. बायका काळ्या साड्या नेसतात. हळदीकुंकवाला आलेल्या काळ्या चंद्रकळेचा जवळून फोटो काढा. काळी साडी काळी येत नाही, तीही राखाडीच येते, विटलेली.

असं का? कारण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला समोर बाराबंदी आहे की चंद्रकळा, हे कळत नाही. जग सरासरी राखाडी आहे, असं त्यानं धरलेलं असतं. फार पांढरं दिसलं की ते म्हणतं, उजेड जास्त झाला, कमी करा. फार काळं दिसलं की म्हणतं, उजेड कमी पडला, वाढवा. दोन्हीकडून ओढून मधल्या राखाडीवर आणून ठेवतं. यावर उपाय कॅमेऱ्यातच आहे. अधिक-उणे अशी खूण असलेलं एक बटण असतं. पांढऱ्यासाठी अधिक एक, काळ्यासाठी उणे एक. म्हणजे आपण कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा रे, हे खरंच पांढरं आहे, हे खरंच काळं आहे, तुझी सरासरी इथं लावू नकोस. या यात्रेत आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी अधिक एकवर काढलेला फोटो छापून आता त्यांच्या अंगणवाडीच्या भिंतीवर लावलाय. बाराबंदीची प्रत्येक घडी त्यात मोजता येते.

हे बटण कळलं आणि आमच्या गटात एक वेगळाच विषय निघाला, माणसाच्या रंगाचा.

आमच्यातल्या एकीच्या मुलीचं स्थळ बघणं चालू आहे. मुलगी सावळी. फोटो काढायला एका स्टुडिओत पाठवली होती. फोटो आला तो इतका गोरा की तिच्या सख्ख्या मावशीनं विचारलं, “ही कोण?” मुलगी काही बोलली नाही. फोटो कपाटात ठेवून दिला. स्टुडिओवाल्यानं वाईट हेतूनं केलं असं नाही. गिऱ्हाइकाला हेच हवं असतं, असं त्यानं गृहीत धरलं आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण ती मुलगी त्या फोटोकडे बघून काय समजली असेल? की आहे तशी मी दाखवण्यासारखी नाही.

रंगाचा हा भेद यंत्रांतही पूर्वीपासून आहे. गेल्या शतकात कोडॅक या अमेरिकन कंपनीनं रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड दिलं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. तिची कातडी नीट उमटली की यंत्र बरोबर लागलं, असं समजायचं. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचं काय होतंय, हे कित्येक वर्षं कुणी तपासलंच नाही. म्हणजे दोष चेहऱ्यात नव्हता, यंत्र कुणाला समोर ठेवून लावलं, त्यात होता.

आम्ही त्या मुलीचा फोटो आमच्या पद्धतीनं काढायचं ठरवलं. सोपं काम नव्हतं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं तर कॅमेरा भिंतीला घाबरून उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्या दारापुढे उभं केलं तर चेहरा फिका पडतो. शेवटी तिला खिडकीच्या बाजूला बसवलं, मागे सोलापुरी चादर टांगली, मातकट लाल रंगाची. दुपार टळल्यानंतरचा मऊ उजेड एका बाजूनं आला. दुसऱ्या बाजूला पांढरा टॉवेल ताणून धरला की तोच उजेड परत चेहऱ्यावर येतो. नेम जवळच्या डोळ्यावर धरला. चाळीस फोटोंतून एक निघाला. रंग तिचा तिचाच. तिनं तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “हाच पाठवा.” तिच्या आईला धाकधूक होती. तेव्हा मुलगीच म्हणाली, नकार यायचा असला तर फोटोवरच येऊ दे, कांदेपोहे खाऊन झाल्यावर तरी नको. आम्ही हसलो, पण तिनं ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

कॅमेरा घेऊन घराबाहेर पडलं की आणखी एक धडा मिळतो. मंगळवार बाजारात एखादा पुरुष कॅमेरा घेऊन उभा राहिला तर कुणी वळून बघत नाही. साडीतली बाई उभी राहिली की विचारतात, “कुठल्या पेपरच्या?” कुठल्याच नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न, “मग कशाला काढताय?” अशा वेळी आम्ही होमाई व्यारावाला यांची आठवण काढतो. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म 1913 चा, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे, कारण त्या बाई होत्या आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पुढे दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरे घेऊन, सायकलवरून त्या हिंडल्या. 1947 मध्ये लाल किल्ल्यावर झेंडा फडकला, तेव्हा त्या कॅमेरा घेऊन हजर होत्या. बाई कॅमेरा घेऊन आलीय म्हणजे उगीच काहीतरी करत असेल, असं समजून लोक लक्ष देत नसत आणि त्यांचं काम होऊन जाई. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. आमचं काम त्यांच्या पासंगालाही पुरणारं नाही. पण ‘बाई आणि कॅमेरा’ ही जोडी नवी नाही, एवढं सांगायला त्यांचं नाव पुरतं.

बाई असल्यामुळे आम्ही एक नियमही केलाय. आपल्याला न विचारता कुणी फोटो काढला तर कसं वाटतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. म्हणून विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा घ्यायचा नाही. लहान मुलाचा फोटो आईला विचारून. काढल्यावर मागच्या पडद्यावर दाखवायचा. समोरची म्हणाली काढून टाक, तर तिच्यासमोर काढून टाकायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलायचा नाही. या नियमामुळे पुष्कळ चांगले फोटो हुकतात. हुकू देत.

आता पैशाचं. आमच्यावर सगळ्यात जास्त दबाव आला तो याच बाजूनं. घरून, शेजारून, गटातूनसुद्धा. “आता ऑर्डरी घ्या. बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा. कॅमेऱ्याचे पैसे तरी निघू देत.” सांगणारे आमच्या भल्याचंच सांगत होते. गरज नाही असंही नाही. विड्यांच्या मजुरीत काय भागतं, हे या शहराला सांगायला नको. त्यावर आमच्यात दोन बैठका झाल्या आणि आवाजही चढले. एका ताईंचं म्हणणं होतं, पडून राहिलेलं यंत्र म्हणजे बुडालेला पैसा. दुसरीचं म्हणणं, दिवसभर जे करते ते सगळं कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी करते, आठवड्यातले हे दोन तास तरी मोकळे ठेवा.

ठरलं ते असं. भिशीचा कॅमेरा भाड्यानं किंवा ऑर्डरीला जाणार नाही. जिला यातून धंदा करायचाय तिनं इथं शिकावं आणि स्वतःचा कॅमेरा घ्यावा, त्यासाठी गटातून रीतसर कर्ज मिळेल. शिलाई-घडीचं काम करणाऱ्या एका ताईंनी तसं केलंही. आता त्या बारशांचे फोटो काढतात आणि हप्ता वेळेवर भरतात. त्यांच्या कर्जाचं कारण वहीत ‘व्यवसाय’ असं आहे. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण उरलेल्या नऊ जणींचं शिकणं त्यामुळे वाया गेलं, असं आम्ही मानत नाही. पुरुष नाक्यावर कॅरम खेळतात, क्रिकेट बघतात, तेव्हा त्यातून किती मिळाले असं कुणी विचारतं का? आम्ही कॅमेऱ्यासाठी वेगळी वही ठेवलीय. तारीख, कुणाकडे, छिद्र-वेळ-आयएसओ किती, आणि काय दिसलं. चार रकाने. पाचवा, उत्पन्नाचा, आखलेलाच नाही.

त्या वहीत ‘काय दिसलं’ या रकान्यातली एक नोंद सांगतो. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, 1979 साली जाहीर झालेलं. माळढोक दिसणं आता फार दुर्मीळ. आम्हाला काळवीट दिसली, पण आमच्या 18-55 च्या लेन्सला ती टिपणं शक्य नव्हतं, तिला लांबचं जवळ आणता येत नाही. एका ताईंनी मग सगळं माळरानच घेतलं, पिवळं गवत, भलं मोठं आभाळ आणि कडेला ठिपक्याएवढं काळवीट. नोंदीत त्यांनी लिहिलंय, “एवढी मोकळी जागा लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली.”

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर थोडं व्यवहाराचं सांगतो. जुना कॅमेरा घेताना एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी जा. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. छोट्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाख वेळा चालेल, असं धरतात. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. छिद्र 16 वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण किंमत कमी करून मागता येते.

काच कधीही पदरानं पुसू नका. आपला हात सवयीनं पदराकडे जातो, पण पदरातल्या धुळीनं काचेला चरे पडतात. आधी रबरी फुग्यानं हवा मारा, मग मऊ कापड. आपल्याकडच्या वाऱ्या-धुळीत लेन्स उघड्यावर बदलू नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नव्या पर्सेस, बूट यांत ओल शोषणाऱ्या पुड्या मिळतात त्या टाकून. धरताना डावा तळहात लेन्सखाली, कोपरं अंगाला चिकटलेली. आणि बटण एकदम दाबू नका. अर्धं दाबा, नेम लागू द्या, मग पूर्ण दाबा.

आणि पहिला फोटो कुणाचा काढायचा? आईचा काढा. सासूबाईंचा काढा. घरात कुणी गेलं आणि श्रद्धांजलीला फोटो शोधायची वेळ आली की कळतं, बाईचा एकटीचा फोटोच नसतो. लग्नातल्या गर्दीतून कापून काढतात, नाहीतर आधार कार्डावरचा मोठा करून त्याला हार घालतात. जन्मभर सगळ्यांचं केलं, आणि शेवटी राहिला तो रांगेत उभं राहून, घाम पुसत, सरकारी खुर्चीवर काढलेला चेहरा. आमच्या दहाही घरांत आता तसं होणार नाही. त्या विड्या वळणाऱ्या सासूबाई आधी हातच पुढे करायच्या, चेहरा नको म्हणायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, “दारात बसू का खिडकीत? उजेड कुठला बरा?”

कपाटावर एखादा जुना कॅमेरा पडून असेल, मुलाचा, दिराचा, भावाचा, तर या आठवड्यात खाली काढा. बॅटरी चार्ज करा. चाक ‘ऑटो’वरून हलवा. एकटीला अवघड वाटलं तर दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठावर असतो. कॅमेरा नसला तरी या, आमचा आहे.